लग्नघराची भिंत, चितेरेकाका आणि अकरा तासांचं फुटेज

लष्करवाला

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर नावाच्या भागातच लहानाचा मोठा झालो. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची रीत आहे. दाराच्या दोन्ही अंगांना चुन्याचा हात द्यायचा आणि त्यावर झूल घातलेले हत्ती, घोडेस्वार, भालदार-चोपदार, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, चौकटीच्या वर गणपती. हे काढणारे ते चितेरे. लष्करात त्यांच्या नावाची गल्लीच आहे, चितेरा ओळी. (पाटीवर ‘ओली’ असतं. घरात आम्ही ओळीच म्हणतो.) हल्ली लग्न मॅरेज गार्डनात लागतं आणि दारावर फ्लेक्स लागतो, त्यामुळे आमच्या गल्लीत अशी भिंत मी कितीतरी वर्षांनी पाहिली.

या मे महिन्यात आत्याच्या मुलीचं लग्न झालं. गार्डन बुक केलेलंच होतं, पण आत्याचा हट्ट की भिंत रंगलीच पाहिजे, माझ्या लग्नात रंगली होती. चितेरेकाका आले (नाव देत नाही, त्यांना विचारलेलं नाही), तीन दिवस काम केलं, आणि मी रजा टाकून शूटिंग केलं. मोबाइल, मित्राचा ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा एक माइक, एवढाच जामानिमा. आता हार्ड डिस्कवर अकरा तास पडून आहेत. फिल्म करायची आहे बारा मिनिटांची.

अडचण एक असती तर धागा काढला नसता. काकांशी सगळ्यात मोकळी गप्पा झाली ती ओसरीवर, दीड तास, आणि मागे कुलर. मे महिन्यात ग्वाल्हेरात ‘जरा कुलर बंद करता का’ असं म्हणायची छाती कुणाची होणार? दुसरं म्हणजे, भिंत पांढरीशुभ्र असूनही निम्म्या शॉटमध्ये ती राखाडी दिसते आणि काका काळेठिक्कर. ते मधून सरकले की सगळा उजेडच बदलतो. शिवाय वरातीच्या बँडचा एक झकास शॉट आहे, पण तो वापरता येतो की नाही कोण जाणे. आणि एक भाग असा आहे की तो घ्यावा की गाळावा हेच ठरत नाही. त्याबद्दल नंतर सांगतो.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. भिंतीवर नको, ती आधीच जळली आहे.

सराफ्यातला

भाऊ, झकास विषय. इंदुरातून हजेरी.

राखाडी भिंतीचं कारण सांगतो. फोन समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो आणि सरासरी काढतो. पांढरी भिंत दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळंच दाबतो. त्यात काका भिंतीसमोर सावलीत, म्हणजे ते गेलेच. उपाय शूटिंगच्या वेळी असतो: चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करायचं. व्हाइट बॅलन्सही लॉक, नाहीतर तोच गेरू सकाळी विटकरी आणि दुपारी गुलाबी दिसतो. आता झालं ते झालं. एडिटिंगमध्ये चेहरा थोडा उजळ कर, भिंत फुटली (पांढरीफटक झाली) तर फुटू दे. भिंत बघायला कुणी येत नाही, माणूस बघायला येतात.

पुन्हा काही शूट करणार असशील तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, ओसरीतल्या ट्यूबलाइटची लपलप त्याने जाते. आणि मे महिन्यात सकाळी सात ते नऊ, नंतर गुंडाळायचं. फोन तापून बंद पडला असेलच एकदा तरी.

टाइमलॅप्स केलास का? सगळे करतात आणि सगळे फसतात. दर ५ सेकंदाला एक फ्रेम धरली तर सहा तासांच्या ४३२० फ्रेम होतात, म्हणजे पडद्यावर जवळजवळ तीन मिनिटं. बारातली तीन! ३० सेकंदांना एक फ्रेम धर, अर्ध्या मिनिटात हत्ती उभा राहतो.

अवांतर: आमच्याकडे शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं यायला लागलं आणि जिकडे तिकडे भिंती रंगल्या. सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण एका तरी भिंतीखाली रंगवणाऱ्याचं नाव दाखव. चिंचाळकर गुरुजींच्या गावात ही तऱ्हा. टाकाऊ काटक्या-दगडांत माणसं आणि पाखरं शोधणारा माणूस होता तो. तुझ्या फिल्मच्या शेवटी काकांचं नाव मोठ्या अक्षरांत यायला हवं, पण विचारून.

ध्वनिवेडा

कुलरमध्ये दोन आवाज असतात. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी निघते. पाण्याची खळखळ निघत नाही, ती काढायला गेलास तर काका विहिरीतून बोलल्यासारखे वाटतील. तेव्हा अर्धीच काढ. आणि कुलर एकदा चित्रात दाखव. प्रेक्षकाला आवाज कुठून येतोय ते दिसलं की तो विसरून जातो. न दिसणारा आवाज मात्र छळतो.

त्याहून बरा मार्ग असा: काकांकडे परत जा, फक्त आवाज घे. कॅमेरा काढूच नकोस. घरातली सगळ्यात लहान खोली, गाद्या-गोधड्या असलेली, पंखा दहा मिनिटं बंद. मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. कॅमेरा नसला की माणसं वेगळंच बोलतात. तो आवाज हत्तीच्या शॉटवर टाक. उठताना खोलीतली शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर, कुणीही न बोलता. दोन वाक्यांच्या मध्ये भरायला तीच लागते.

एक विचारतो. कोरड्या चुन्यावर ब्रश ओढल्याचा आवाज घेतलास का? खर्रर्र असा येतो, आणि ब्रश ओला असेल तर येतच नाही. घेतला नसशील तर फिल्म अर्धी मुकी आहे म्हणून समज.

खवट

आणखी एक ‘लुप्त होत चाललेली कला’. सुरुवातीला सतार. मग सुरकुतलेल्या हाताचा क्लोजअप. मग ‘नवीन पिढीला यात रस नाही’. मग किल्ल्यामागे सूर्यास्त. झाली फिल्म, मला पाठवू नका, मी पाहिली आहे.

एकच प्रश्न. काका कोणता रंग वापरतात? गेरू-नीळ-काजळ असं सांगणार असाल तर थोडं थांबून खरं सांगा.

(दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

लष्करवाला

सराफ्यातला आणि ध्वनिवेडा, लोटांगण. ब्रशचा आवाज घेतलेला नाही. उद्याच जातो.

खवटसाहेब, तुम्ही नेमकं गळूच दाबलंत. ‘नंतर सांगतो’ म्हटलं होतं ते हेच.

काका पहिल्या दिवशी आले ते पिशवीत रंगाच्या डब्या घेऊन. पावडरचे रंग, थोडं ऑइल पेंट, आणि फेव्हिकॉलचा पांढरा डबा. पावडर पाण्यात कालवायची, त्यात फेव्हिकॉल, झालं. हत्तीची सोंड कशी हवी ते दाखवायला त्यांनी स्वतःच्याच मोबाइलमधला जुन्या भिंतीचा फोटो काढला. आणि माझ्या डोक्यात तर वेगळीच फिल्म चालली होती. मी म्हटलं, चाचा, पहले जैसा करते थे वैसा कीजिए ना, गेरू, गोंद. ते म्हणाले, ‘भैया, वो झड़ेगा.’ मी म्हटलं, कॅमेऱ्यासाठी करा. दाल बाजारात जाऊन गेरू, पिवडी आणि डिंक घेऊन आलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण लहान मुलाला ‘बरं बाबा, घे’ म्हणताना पाहतो. आणि केलं. उजव्या अंगाचा हत्ती आणि त्याच्यापुढचा भालदार दोन्ही गेरूत. शॉट काय सुंदर आलेत! दगडावर डिंक भिजतोय, करवंटीत गेरू फिरतोय, सकाळचं तिरपं ऊन.

दुसऱ्या दिवशी सीमांतपूजनाला मुलाकडची मंडळी आली. वरमाई दारात थांबल्या, चप्पल काढायला भिंतीला टेकल्या. आत आल्या तेव्हा मोतिया रंगाच्या शालूवर खांद्यापासून कमरेपर्यंत हत्ती. म्हणजे हत्तीचा मागचा पाय आणि झुलीचे गोंडे, अगदी ओळखू येत होते. आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती फिल्ममध्ये नाही, पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याच रात्री काकांना फोन. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते आले, एक अक्षर बोलले नाहीत. ओल्या फडक्याने माझा गेरू पुसला, पुन्हा चुना, आणि वऱ्हाडी उठायच्या आत फेव्हिकॉल घालून तोच हत्ती पुन्हा उभा केला. दोन तासांत! आधी माझ्या कॅमेऱ्यापुढे त्याला पाच तास लागले होते. मी झोपलो होतो. त्याचं शूटिंग फक्त माझ्या चुलत बहिणीने केलंय, उभ्या मोबाइलवर, चहाचा कप दुसऱ्या हातात धरून. चाळीस सेकंद. तोंडात दोरा धरून ते सोंडेची रेघ एका दमात खाली आणतात. कॅमेरा आहे याचा त्यांना पत्ताच नाही.

आता माझ्याकडे देखणं खोटं आहे आणि हलतं-डुलतं खरं. काय करू?

बाड्यावरची

अरे लेकरा, वाचून आधी पोटभर हसले, मग रडले. तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग.

मी लष्करातलीच. लग्न १९७४ चं, त्यानंतर पुण्याला आले ती इथलीच झाले. आमचं घर बाड्याजवळ, म्हणजे लष्करातल्या महाराज बाडा चौकाजवळ होतं. भिंत रंगवायला चितेरा आला की आम्हां मुलांना दिवसभर तीच करमणूक. तो आधी सुतळी खडूत बुडवून भिंतीवर ताणायचा आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचा, टण्‌कन. रेघ उमटायची. आम्ही त्या टण्‌कनसाठी रांग लावायचो, एकदा मला सोडू द्या म्हणून. तेव्हाचाही रंग अंगाला लागायचा हो! मुंज-लग्नात निम्म्या पोरांच्या पाठी तांबड्या असायच्या आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. शालू भिंतीला टेकवायची मात्र कुणाची हिंमत नव्हती. हा दोष रंगाचा नाही, वरमाईचा आहे. (हे आत्याला सांगू नकोस.)

गंमत सांगते. आमच्या माहेरच्या आडनावात ळ आहे. चितेऱ्याने दारावर ‘चि. सौ. कां.’ लिहून घेतलं, कारण मराठी घरात तसं लिहायचं हे त्याला पाठ होतं. पण ळ पाशी अडला. वडिलांनी कागदावर काढून दिला. त्याने कागद फिरवून फिरवून पाहिला, मग चित्र काढावं तसा तो काढला, आणि नेमका उलटा. शेपटी वर. वडील म्हणाले राहू दे, हत्तीच्या शेजारी शोभतोय. माझं लग्न त्या उलट्या ळ खाली लागलं.

तो पहाटेचा तुकडा घे. दुसरं काही घेऊ नकोस वाटल्यास.

खवट

शब्द मागे घेतो. शालूवरचा हत्ती असलेली फिल्म मी पाहिलेली नाही.

मांडवीकर

बडोद्याहून. मी आमच्या फाइन आर्ट्‌समधून (१९५० साली सुरू झालेली फॅकल्टी, अभिमान आहे, लिहिणारच) म्युरल शिकून बाहेर पडले, त्यामुळे गेरूचं पोस्टमॉर्टेम करू द्या.

गेरू म्हणजे लोहाची माती. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. पाणी उडून गेलं की भिंतीवर धूळ बसावी तशी बसते. तिला धरून ठेवायला दोनच वाटा. एक, डिंक किंवा सरस. दुसरी, चुना ओला असतानाच रंग लावायचा. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो आणि रंग त्या दगडात कोंडला जातो. तुमच्या काकांनी चुना आदल्या दिवशी दिला असणार, म्हणजे तो कोरडा. डिंक तुम्ही आणलेला, म्हणजे कमी. त्यांनी ‘झडेल’ म्हटलं तो रसायनशास्त्राचा निकाल होता, आळस नव्हता. आणि फेव्हिकॉल म्हणजे तरी काय? आजचा डिंक. पूर्वी दुकानात जो चिकटा मिळायचा तो पूर्वीच्यांनी वापरला, आज जो मिळतो तो हे वापरतात. परंपरा डबीत नसते, मनगटात असते.

आमच्या रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, दिवाण भाऊ तांबेकरांचा. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, आतल्या खोल्यांत, आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. तिथे बोट लावायची सोय नाही आणि ते योग्यच आहे. पण तुमची भिंत रस्त्यावरची. तिला लोक टेकणार, गाय अंग घासणार, दिवाळीला ती पांढरी होणार. तिच्याकडे तांबेकर वाड्याच्या डोळ्यांनी पाहिलंत, तिथेच शालू रंगला.

तुम्ही केलंत ते नवीन नाही, वाईट वाटून घेऊ नका. १९२२ च्या ‘नानूक’ या माहितीपटात इग्लूत उजेड पुरेना म्हणून दिग्दर्शक फ्लाहर्टीने अर्धाच इग्लू बांधून घेतला होता. बंदूक वापरणाऱ्या माणसाला त्याने भाल्याने शिकार करायला लावलं. म्हणजे माहितीपटाच्या जन्मापासून कुणीतरी कुणालातरी गेरू आणून देतंच आहे. फरक एवढाच की तुमचा गेरू दुसऱ्या दिवशी निघाला आणि त्याचा पुरावा शालूवर आहे. दोन्ही हत्ती ठेवा. आधी सुंदर खोटा, मग पहाटेचा. मध्ये तुमच्या आवाजात दोन वाक्यं: हे मी करायला लावलं, हे त्यांनी केलं.

ध्वनिवेडा

मांडवीकरांना अनुमोदन. उभ्या शॉटची काळजी करू नकोस. दोन्ही बाजूंना धूसर पट्ट्या लावतात तसलं काही करू नको, डोळ्यांना त्रास होतो. काळं ठेव. आडव्या पडद्यावर मधोमध उभी फट आणि तिच्यात पहाटेचे काका. दाराच्या फटीतून बघितल्यासारखं वाटेल, आणि बहिणीने तसंच तर पाहिलंय.

चहा भुरकल्याचा आवाज आला असेल तर तोही ठेव.

सराफ्यातला

+१. अकरा तास म्हणजे ६६० मिनिटं, बारा मिनिटांना एकास पंचावन्न. फार नाही, घाबरू नकोस. पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही उघड. प्रत्येक क्लिप एकदा पूर्ण बघ आणि एका ओळीत लिही: कोण, काय, किती वेळ, चांगली का वाईट. काकांचं बोलणं शब्दशः उतरव, कात्रीने काप, वाक्यं जमिनीवर मांड. ज्या चिठ्ठ्या उचलाव्याशा वाटतात त्या फिल्म. आमच्या घरी मांजर असल्यामुळे माझी एक फिल्म वेगळीच झाली, तो भाग सोड.

कोर्टाची पायरी

वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेली कलाकृती चित्रपटात घेतली तर कॉपीराइटचं उल्लंघन होत नाही, १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२(१)(यू). पण लग्नाची भिंत ‘कायमस्वरूपी’ कशी म्हणणार? दिवाळीला चुना बसला की संपली. त्यामुळे त्या कलमावर टेकू नका, त्याचाही रंग निघेल.

आता मौज. कलम १७(बी) म्हणतं की पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. म्हणजे त्या हत्तींची मालकीण तुमची आत्या! तिची परवानगी लेखी घ्या. काकांकडे राहतो तो कलम ५७ मधला अधिकार, हे माझं काम आहे असं सांगण्याचा. तो विकला तरी जात नाही. त्यांच्याकडून चेहरा, आवाज आणि काम दाखवायला वेगळी परवानगी घ्या. एक पानभर, हिंदीत, वाचून दाखवून, आणि प्रत त्यांच्याकडे ठेवून. सही ‘फॉर्मॅलिटी है’ म्हणत घ्यायची नाही.

बँडचं गाणं: वरातीत वाजवायला कायद्याने मोकळीक आहे, ५२(१)(झेडए), त्यात लग्नाची मिरवणूक स्पष्टच लिहिलेली आहे. पण ती मोकळीक वाजवण्यापुरती. तुम्ही ते फिल्ममध्ये घालून नेटवर टाकलंत की गाण्याचा मालक हजर. बँड दाखवा, आवाज दुसरा लावा.

लष्करवाला

आत्याला सांगितलं की हत्तींचा कॉपीराइट तुझा. पाच मिनिटांत तिने विहीणबाईंना फोन लावला, ‘तुमच्या शालूवरचा हत्ती कायद्याने माझा आहे.’ तिकडून काय उत्तर आलं ते मला कळलेलं नाही, पण दोघी बोलायला लागल्या आहेत हे काय कमी आहे.

पैशांचं विचारायचं राहिलं. भिंतीचे पैसे आत्याने दिले. फिल्मचे मी काकांना द्यावेत का? मुंबईचा एक मित्र म्हणतो, पैसे दिले की माणूस तुला हवं तेच बोलतो.

खवट

मित्राला विचारा, तो स्वतः फुकट काम करतो का. काकांनी तुमच्यासाठी हत्ती दोनदा काढला, एकदा तुमच्या हट्टापायी आणि एकदा तुमच्या पापापायी. दुसऱ्याचे पैसे तरी दिलेत?

लष्करवाला

नाही. :(

आज दिले. त्यांनी मोजले, त्यातले थोडे परत केले. म्हणाले, चुना आपका था.

मांडवीकर

‘हवं ते बोलतो’ची भीती असेल तर बोलण्याचे पैसे देऊ नका, दिवसाचे द्या. जेवढा वेळ तुमच्यामुळे त्यांचा ब्रश थांबला, तेवढी मजुरी. तेवढं देणंच लागता.

आणि नाव ठरलं का? मला तुमच्या पाटीवरचं ‘ओली’ फार आवडलं. तुमच्याकडे गल्ली, मराठीत भिजलेली. ओली भिंत असती तर गेरू टिकला असता. फिल्मचं नाव ‘ओली’ ठेवा.

बाड्यावरची

काहीतरीच काय. ओळीच म्हणायचं. ओळ म्हणजे रांग, घरांची रांग. आम्ही दाणाओळीसुद्धा दाणाओळीच म्हणायचो. पाटी लिहिणाऱ्याला ळ येत नव्हता म्हणून गावाने का सोडायचा?

सराफ्यातला

इंदुरात मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या मुलाला ‘टिळक’ म्हणायला लावा. ‘टिलक’ म्हणतो. आज्जींना पूर्ण पाठिंबा.

लष्करवाला

धागा वर काढतोय. तीन आठवडे गायब होतो, माफी.

कच्चं एडिट झालं, पावणेचौदा मिनिटं. पावणेदोन अजून जायला हवीत आणि प्रत्येक शॉट पोटच्या पोरासारखा वाटतोय. गेरूचा हत्ती ठेवलाय, एक मिनिट दहा सेकंद, माझ्या कबुलीसकट. पहाटेची फट पूर्ण चाळीस सेकंद, कट न करता. भुरका ऐकू येतो. शालूचा फोटो मिळवायचा प्रयत्न केला, विहीणबाई नाही म्हणाल्या, तो विषय संपला. बँडच्या जागी आता सुतळी आहे. हो, बाड्यावरच्या आज्जी, तुमची टण्‌कन! काकांना विचारलं तर म्हणाले, अब भी करते हैं, तुमने देखा कहां, तुम तो लेन्स साफ कर रहे थे. तेवढं मात्र खरंखुरं, मुद्दाम नाही: परवा एका दुकानाच्या शटरवर ते अक्षरं लिहीत होते तिथे जाऊन रेकॉर्ड केलं. वरात दिसते आणि आवाज सुतळीचा येतो. ध्वनिवेडांनी ऐकून सांगावं, जमलंय का विचित्र वाटतंय.

कॅमेऱ्याशिवाय बोलणंही घेतलं, गोधड्यांच्या खोलीत. कुलरवाल्या दीड तासात ते ‘कला’ हा शब्द सारखा म्हणत होते, बहुधा मी म्हणत होतो म्हणून. या वेळी एकदाही नाही. पाऊण तास फक्त उधारी, गुडघे, आणि कोणत्या घरची भिंत शोषून घेते नि कोणत्या घरची नाही. शेवटी नाव द्यायचं का विचारलं. विचार करून सांगतो म्हणाले, मुलाला विचारतो. मुलगा फ्लेक्सच्या दुकानात आहे. अजून निरोप नाही, म्हणून इथेही नाव नाही.

आता शेवटचं. फिल्मचं नाव काकांकडूनच भिंतीवर लिहून घ्यायचं आणि तेच पडद्यावर दाखवायचं, असं ठरवलं. त्यांनी कागद मागितला, ‘चितेरा ओळी’ लिहून दिलं. त्यांनी अक्षरं मोजली. अक्षरी भाव पन्नास रुपये. मग ळ वर बोट ठेवून म्हणाले, इसके सौ. का, तर ‘इसके दो पेट हैं.’

‘ओली’ केलं तर पन्नास वाचतात. काय करू?

बाड्यावरची

पन्नास माझ्याकडून. पण आधी पाटीवर चार वेळा गिरवून घे, शेपटी खाली येते म्हणावं.